मॅडमचं लेकरू सरकारी पाळण्यात

मित्रांनो, मी एक पाळणा आहे. जुना म्हणावं तर माझा रंग अजून पुरता उडालेला नाही, आणि नवा म्हणावं तर माझ्यात इतकी लेकरं मुतून गेली आहेत की नवा म्हणवून घ्यायची लाज वाटते. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी तुम्हाला माझी सगळी कहाणी सांगणार आहे, पण त्यातलं निम्मं माझं मलाच अजून समजलेलं नाही. तुम्हाला समजलं तर मला सांगा, मी वाट पाहीन.

माझा जन्म अकोल्याकडच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. लोखंडी पाइपाचा सांगाडा, वर आडवी दांडी, दांडीला दोन कड्या आणि कड्यांना टांगलेली जाड कापडाची झोळी. माझ्याबरोबर माझे भाऊ पण बनत होते, सगळे अगदी माझ्यासारखेच, त्यामुळे मी नेमका कोणता हे मला सुरुवातीला कळायचंच नाही. दुकानाचा मालक वेल्डरला सारखा म्हणायचा, "पाइप जाड लाव बाप्पा, सरकारचा पाळणा हाय. उद्या मोडला तं आपल्याच गळ्यात येईन."

आता तुम्हीच सांगा, पाळणा कोणाचा असतो? लेकराचा. आणि मी सरकारचा. म्हणजे सरकार हे कोणाच्या तरी लेकराचं नाव असणार, आणि पाइप जाड लावायला सांगतात म्हणजे ते लेकरू चांगलंच गुटगुटीत असणार. मला निळा आणि गुलाबी रंग दिला, बाजूला पांढऱ्या अक्षरांत योजनेचं नाव लिहिलं, आणि मी सरकार नावाच्या त्या बाळाची वाट पाहत उभा राहिलो.

सरकार काही आलं नाही, आला एक टेम्पो. त्यानं आम्हाला एका गोडाऊनमध्ये नेऊन टाकलं. तिथं वजनकाटे होते, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, डोलणारे घोडे होते, आणि सगळे आमच्यासारखेच वाट पाहत होते. कधीमधी दोन माणसं यायची, एक म्हणायचा, पाळणे द्यायचे ना? दुसरा म्हणायचा, पाळणे आले, पण लेकरं सांभाळणारी बाई अजून मंजूर व्हायचीय. मग ते कुलूप लावून जायचे. पावसाळा गेला, थंडी गेली, माझ्या कड्यांना गंज धरला. झोका देणाऱ्या हाताला मंजुरी लागते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. का लागते, ते अजून कळलेलं नाही.

मग एक दिवस मला वाशीमकडच्या किन्हीराजाच्या आत एका गावात आणलं. अंगणवाडीची खोली, एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा, आणि समोरच बस थांबायची जागा. मला खिडकीजवळ ठेवलं. तिथं रत्नमालाताई होती. ती अंगणवाडीची सेविका, लेकरं सांभाळायची मंजुरी शेवटी तिलाच मिळाली होती. तिच्या हाताखाली एक मदतनीस असायला पाहिजे होती, ती जागा रिकामीच होती, म्हणून सेविकाही तीच आणि मदतनीसही तीच. तिनं पहिल्यांदा माझा गंज पुसला, कड्यांना गोडेतेल लावलं आणि म्हणाली, "आलास का रे बावा. लय वाट पाह्यली तुही."

मित्रांनो, माझी कोणीतरी वाट पाहत होतं, आणि मी तिकडे दुसऱ्याचीच वाट पाहत होतो.

पहिलं लेकरू आलं ते एका पोरीच्या कमरेवर बसून. पोरीच्या एका खांद्यावर दप्तर आणि दुसऱ्या अंगाला लेकरू, त्यामुळे ती चालताना एका बाजूला कलायची. ती स्नेहा, दहावीत. लेकरू तिचा भाऊ, एवढंसं गाठोडं आणि नाव लालसिंग. सगळे त्याला लाल्या म्हणायचे. मागून त्यांची याडी आली, म्हणजे आई, तांड्यात आईला याडी म्हणतात. तिचं नाव रुपाबाई. ती दारातच थांबली.

"दिवसभर ठेवता?"

"संध्याकाळलोक ठेवतो," रत्नमालाताई म्हणाली.

"अन् रडला तं?"

"रडला तं मी हाय. माह्याजवळ रडन."

"तांड्यातल्या बाया हासतात ताई. म्हणतात, माय जित्ती असून लेकरू पोरकं केलं."

"हासू दे व. हासणाऱ्या बाया तुह्या चुलीत जळतन घालाले येतात का?"

रुपाबाईला हसू आलं. तिनं लाल्याला माझ्यात ठेवलं, पण हात काही सुटेना. लेकरू माझ्यात, आणि हात लेकरावर. शेवटी बाहेर बसनं हॉर्न दिला, स्नेहा दप्तर सावरत धावली, आणि त्या गडबडीत रुपाबाईचा हात सुटला.

हे लेकरू काही सरकार नव्हतं, पण मी काही बोललो नाही. लाल्यानं माझी कडी मुठीत धरली आणि तोंडात घालायला ओढली, ती आली नाही, म्हणून रडला. मला तो आवडला.

हळूहळू मला त्या घरातल्या गोष्टी कळत गेल्या, कारण बाया माझ्यासमोरच बोलायच्या, पाळण्याला कोण लाजतं? दर साली दिवाळी झाली की लाल्याचा बाप, प्रेमसिंग, सगळं घर घेऊन पुण्याकडे बांधकामावर जायचा. ह्या साली तो एकटा गेला. लेकरू ठेवायला जागा झाली म्हणून रुपाबाई मागं राहिली, आधी तूर सोंगायला, म्हणजे कापायला गेली, मग हळदीच्या कामाला, उकडायची, वाळवायची. संध्याकाळी ती लाल्याला न्यायला यायची तेव्हा तिचे हात पिवळे असायचे, आणि घरी जाताना लाल्याचे गालही पिवळे व्हायचे. स्नेहा रोज बसनं शाळेत जायची. मग गावातल्या बायाही लेकरं आणू लागल्या. एक उठलं की दुसरं झोपायचं, बाकीची सतरंजीवर रांगायची. माझी झोळी कधी थंडच व्हायची नाही.

माझं कौतुकही व्हायचं. वाशीमहून स्कूटीवर एक मॅडम यायच्या, सुकेशनी मॅडम. त्या अंगणवाड्या तपासायच्या. दारातून म्हणायच्या, "जय भीम ताई, पाळणा ठीक ना?" रत्नमालाताई म्हणायची, "जय भीम, ठीक हाय," आणि मॅडम कागदावर लिहायच्या, पाळणा सुस्थितीत. सुस्थितीत हा शब्द मला फार आवडला. मी मनातल्या मनात तो घोळवत बसायचो.

एकदा ताईनं मॅडमला चहा दिला आणि विचारलं, "मॅडम, एक विचारू का? हे पाळणा देऊन सरकारले भेटते काय?"

मी कान टवकारले. म्हणजे कान नाहीत मला, पण तुम्हाला कळलं.

मॅडम म्हणाल्या, "ताई, आपल्या देशात सध्या कमावत्या वयाची माणसं जास्त आहेत. म्हातारी कमी, लहान लेकरंही आधीसारखी घरोघरी सात-आठ नाहीत. असा काळ देशाला एकदाच येतो म्हणतात. ही तरणी पिढी आत्ता शिकली, धडधाकट राहिली, हाताला काम मिळालं, तर देश वर येतो. नाही तर तीच माणसं पुढं म्हातारी होतात, अन् हाती काही राहत नाही. म्हणून खर्च आत्ताच करायचा."

"अन् ते पाळण्यानं होते?"

"एकट्या पाळण्यानं नाही होत. शाळा पाहिजे, दवाखाना पाहिजे, कामधंदा पाहिजे. पण मला सांगा, ह्या साली स्नेहा शाळेत कशामुळं गेली?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी गोंधळून गेलो. मित्रांनो, माझ्यात लाल्या झोपला होता, आणि ह्या दोघी म्हणत होत्या की मी स्नेहाला सांभाळतो. एवढी मोठी पोरगी माझ्यात मावेल कशी? आणि देश वर येणार म्हणजे कुठून येणार, आणि तो माझ्या कडीला धरूनच का येणार? मी रात्रंदिवस विचार केला. काही कळलं नाही.

मग मोठे साहेब येणार असा निरोप आला.

झालं, रत्नमालाताईच्या अंगात वारं शिरलं. तिनं भिंती झाडल्या, फरशी फिनाइलनं धुतली, माझी झोळी काढून धुतली, वाळायच्या आत परत लावली. आणि संध्याकाळी लेकरं न्यायला आलेल्या बायांना म्हणाली, "उद्या लेकरं आणू नोका व. साहेब येऊन राह्यले, घाण करून ठेवतीन." बायांनाही ते बरोबर वाटलं. आता बघा, लेकरांची खोली बघायला माणूस येणार, म्हणून लेकरांनी घरी राहायचं. मला वाटलं असंच असतं बहुतेक.

सुकेशनी मॅडमना बरोबर घेऊन साहेब आले. चांगले हसरे होते, चपला बाहेर काढून आत आले. रिकामी चकचकीत खोली बघून म्हणाले, "वा. छान ठेवलंय." मग माझ्याजवळ आले. "हा हलतो ना नीट?" आणि त्यांनी मला झोका दिला. बरोबरचा फोटोवाला म्हणाला, साहेब तसंच राहा, मॅडम तुमीबी हात लावा, ताई तुमीबी या. ताई जरा अडखळली, पण साहेबांचा हात कोण धरणार? मग तिघांनी मिळून मला हलवलं, आणि फोटो निघेपर्यंत हलवत राहिले.

खरं सांगू? मला मजा आली. आत कोणी नसताना मी किती हलका जातो हे मला माहीतच नव्हतं. मी पार खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो.

पण दारात विमलबाई उभी होती. गावातली मोठी बाई, साहेबांची गाडी बघायला आली होती, नातवाला घेऊन. तिनं मला रिकामं हलताना पाहिलं, आणि नातवाचं तोंड पदरानं झाकून मागच्या मागं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी एकही लेकरू आलं नाही.

मी वाट पाहिली. ताईनं वाट पाहिली. बस आली, हॉर्न वाजला, बस गेली. मग रुपाबाई आली, एकटीच. ती लाल्याची दुपटी न्यायला आली होती.

"काहून व, लाल्या कुठी?" ताईनं विचारलं.

"घरी हाय. स्नेहाजवळ."

"अन् तिची शाळा?"

रुपाबाई दुपट्यांची घडी घालत राहिली. "ताई, पाळणा रिकामा हालवला तुमी. विमलबाईनं डोळ्यानं पाह्यलं. रिकामा पाळणा हालवला का लेकराच्या पोटात दुखते, लेकरू हाती लागत नाही."

"अव, मी हे असं काही मानत नाही."

"तुमी नका मानू," रुपाबाई शांतपणे म्हणाली. "तुमचं लेकरू नाही त्याच्यात."

ताईनं उरलेलं एक दुपटं उचलून तिच्या हातात दिलं. रुपाबाई दुपटी घेऊन गेली. मला तर काहीच सुधरेना. मी कालचाच, दांडी तीच, कड्या त्याच. मी असं केलं तरी काय? मला हलवलं, मी हललो. पाळण्यानं हलू नये तर करावं काय?

मग माझे वाईट दिवस आले. झोळीत धूळ बसली. एक कोंबडी येऊन बसायला लागली, ताई तिला हाकलायची, ती परत यायची. खिडकीतून मला थांबा दिसायचा. सकाळच्या बसच्या वेळी स्नेहा तिथं यायची, अंगात घरचा ड्रेस, कमरेवर लाल्या. बसमध्ये चढायची नाही. खिडकीतल्या मैत्रिणीला विचारायची, काल काय शिकवलं? मैत्रीण भराभर सांगायची, तेवढ्यात बस सुरू व्हायची, आणि स्नेहा बसच्या बरोबरीनं चार पावलं चालत ऐकायची. मग लाल्या तिची वेणी ओढायचा, आणि ती परत एका बाजूला कलून तांड्याकडे जायची.

एक दिवस रुपाबाई येऊन ताईला म्हणाली, "लाल्याच्या बापाचा फोन आल्ता. म्हणते, अठी ये, दोघं कमावू, पोट्टी लेकरू पाह्यन. सोमवारच्या गाडीनं निघून राह्यलो आमी."

"सोमवारी? अन् मंगळवारी तिचा पयला पेपर हाय ना व?"

"पुढच्या साली देईन."

"पुढच्या साली कोणाची पोट्टी पेपरले बसते रुपाबाई? एकखेप सुटली का सुटली. मंग तिचं लगन, मंग तिच्या कमरेवर तिचं लेकरू."

रुपाबाईचे डोळे भरले, पण ती म्हणाली, "मंग मी काय करू? हळदीच्या भट्टीपाशी लेकरू नेऊ? मागं एकीचं भाजलं." आणि ती गेली.

ताई उठली आणि तिनं विमलबाईलाच बोलावून आणलं. विमलबाई माझ्याभोवती एक फेरी मारून आली, पण मला शिवली नाही.

"मावशी, तुमीच सांगा, आता याच्यावर तोड काय?"

विमलबाईनं बराच विचार केला. "ज्यानं हालवला, त्यानं भरावा."

"म्हंजे?"

"म्हंजे आपलं सोताचं लेकरू त्याच्यात निजवावं. माही सासू सांगे."

तिची सासू खरंच असं सांगायची, का विमलबाईनं ते तिथंच उभ्या उभ्या रचलं, मला माहीत नाही. ताईलाही माहीत नसावं.

"साहेबाचे पोरं कालेजात असतीन मावशी. पाय मावतीन का त्याईचे ह्याच्यात?"

"मंग तू हालवला ना?"

"माह्यावाला अमरदीप ट्रक चालवते. त्याले निजवू?"

विमलबाईलाही हसू आवरेना. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मंग तिसरं कोण होतं ते पाह्य."

ताईचं हसू थांबलं. तिनं मोबाईल काढला. नंबर शोधून लावला.

"जय भीम मॅडम. नाही, रिपोर्टचं नाही. एक विचारायचं होतं. तुमचा उत्कर्ष किती महिन्याचा झाला?"

सुकेशनी मॅडम दुसऱ्याच दिवशी स्कूटीवर आल्या. एकट्या. आल्या आल्या म्हणाल्या, "ताई, तुम्हीसुद्धा? बाबासाहेबांची माणसं आपण, असल्या गोष्टी आपण मानतो का?"

"नाही मानत मॅडम. मी रुपाबाईले हेच म्हणलं. ते म्हणे, तुमचं लेकरू नाही त्याच्यात. याच्यावर मले उत्तर नाही आलं. तुमाले येत असन तं सांगा, मी तिले जाऊन सांगतो."

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं, आणि मित्रांनो, असं त्यांनी मला आधी कधीच पाहिलं नव्हतं. आधी दारातून बघायच्या, आता जवळ आल्या. वाकल्या. झोळीतली गादी उचलून नाकाला लावली आणि तोंड फिरवलं. डावी कडी हातानं हलवली, ती खडखड वाजली. माझ्या पाइपाच्या टोकावरून बोट फिरवलं, बोटाला खरचटलं. मग खिडकीकडे गेल्या. खिडकीला जाळी नव्हती, बाहेर नाली होती.

"ही कडी अशी कधीपासून आहे?"

"आला तवापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी सुस्थितीत लिहलं व मॅडम. मले वाटलं सुस्थिती अशीच असते."

"हे असं असताना मी उत्कर्षला ह्यात नाही ठेवणार," मॅडम पटकन बोलून गेल्या.

"अन् लाल्याले?" ताईनं विचारलं. रागानं नाही, साधंच.

मॅडमनं खरचटलेलं बोट पुसलं आणि कागद काढून लिहू लागल्या, कडी, पाइप, गादी, जाळी.

आता माझा गोंधळ तुम्हीच सोडवा. मी तोच, मॅडम त्याच, कडी तेव्हाही ढिली होती आणि आताही ढिली. मग तेव्हा मी सुस्थितीत कसा आणि आता नालायक कसा? दोन्हीतलं खरं कोणतं? मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

पण पुढचे दोन-तीन दिवस त्या खोलीत जे चाललं ते मी कधी पाहिलं नव्हतं. किन्हीराजाहून एक मिस्त्री आला, त्यानं माझ्या कड्या बदलल्या, पाइपाची टोकं घासून त्यांना रबराची बुचं बसवली. खिडकीला जाळी लागली. नवी गादी आली, आणि गादीखाली घालायला रबरी कापड आलं. ताईनं विचारलं, "मॅडम, याचा खर्च कोणी देला?" मॅडम म्हणाल्या, "दुरुस्तीचा पैसा होता ताई. पडून होता. मागायला पाहिजे होता, मी मागितला नाही, कारण मीच तर सगळं सुस्थितीत लिहीत होते." त्या हळू आवाजात बोलत होत्या, म्हणून मला पुरतं ऐकू आलं नाही, पण एवढं आलं.

आणि सोमवार उजाडला.

सकाळची बस आमच्या थांब्यावरून पुढच्या गावाला जाते आणि वळून परत येते. थांब्यावर रुपाबाई उभी होती, पायाशी दोन बोचकी, भांड्यांचं एक पोतं, शेजारी स्नेहा आणि कमरेवर लाल्या. बस आली, आणि त्यातून सुकेशनी मॅडम उतरल्या. त्यांच्या खांद्यावर टोपडं घातलेलं एक लेकरू होतं. बस पुढं गेली. मॅडम कोणाकडे न बघता सरळ आत आल्या.

त्यांनी उत्कर्षला माझ्यात ठेवलं. तो इतक्या जोरात रडला की कोंबडी पळाली. मॅडमचा एक हात त्याच्या छातीवरच होता.

"सोडा मॅडम," ताई म्हणाली. "मी हाय."

"हो," मॅडम म्हणाल्या. हात सुटला नाही.

तोवर दारात माणसं जमली होती. पुढं विमलबाई, मागं बाया, आणि त्यांच्यामधून रुपाबाई आत आली. तिनं मॅडमच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "पयल्या दिवशी माहाबी नाही सुटला मॅडम. बसनं हॉर्न देला तवा सुटला."

मॅडमनं वर पाहिलं. त्यांचे डोळे ओले होते.

"तुमचंच हाय का लेकरू?"

"माझंच."

"रोज आणसान? का फोटोपुरतं?"

"रोज नाही आणता येणार," मॅडम म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? माझी आई सांभाळते त्याला, ती आता थकली. माझ्या ऑफिसात असा पाळणा नाही, रुपाबाई. पण ह्या भागात ज्या दिवशी येईन, त्या दिवशी तो इथंच झोपेल. ह्याच्यातच."

रुपाबाईनं माझी नवी कडी हलवून पाहिली. गादीखाली हात घातला. खिडकीच्या जाळीवर टिचकी मारली. मॅडमनं ज्या ज्या गोष्टी बघितल्या होत्या, त्याच सगळ्या तिनं बघितल्या, त्याच क्रमानं, कोणी न सांगता. विमलबाई मागून म्हणाली, "भरला व बाई पाळणा." रुपाबाईनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती स्नेहाकडे वळली, तिच्या कमरेवरून लाल्याला उचललं आणि मॅडमला म्हणाली, "तुमच्या पोट्ट्याले सरकवा जरा. माह्यावाला पाय लय मारते."

दोघं माझ्यात आले, एकाचं डोकं इकडे, एकाचं तिकडे. लाल्यानं उत्कर्षचा पाय पकडून तोंडात घातला. उत्कर्ष रडायचा थांबला आणि आश्चर्यानं स्वतःच्या पायाकडे बघत राहिला.

बस परत आली. हॉर्न वाजला. स्नेहा बाहेर धावली, आणि मी जाळीतून ऐकलं, ती ड्रायव्हरला सांगत होती, "काका, आज नाही. उद्या थांबवजा, तालुक्याले, मालेगावले जायचं हाय, पेपरले." मग ती बोचकी एकेक करून परत तांड्याकडे नेऊ लागली. रुपाबाईनं नवऱ्याला फोन लावला. तो काय म्हणाला ते मला माहीत नाही, पण ती तीन-चार वेळा एवढंच म्हणाली, "नाही येत. पेपर झाले का पाहू."

मंगळवारी दुपारी स्नेहा परत आली तेव्हा लाल्या माझ्यात झोपायच्या बेतात होता. पेपर कसा गेला हे तिनं सांगितलं नाही. बुडालेले दिवस काही एका दिवसात भरून येत नाहीत, एवढं मलाही कळतं. तिनं दप्तरातून पुढच्या पेपरचं पुस्तक काढलं, माझ्या पायाला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि वाचू लागली. लाल्या कुरकुरला. स्नेहानं पुस्तकातून डोळे न काढता एक हात मागं नेला आणि मला झोका देऊ लागली. सवयच होती तिला.

रत्नमालाताई आली आणि तिनं स्नेहाचा हात माझ्यावरून काढला.

"राहू दे ताई, मी देतो ना," स्नेहा म्हणाली.

"काहून देतं तू? हा झोका माह्या मानधनातला हाय. मले भेटते त्याचं. तू तुहं वाच."

स्नेहानं दोन्ही हातांनी पुस्तक धरलं.

मित्रांनो, देश वर आला का, ते मला माहीत नाही. त्या खोलीत मी देशाला येताना पाहिलं नाही. सरकार नावाचं ते गुटगुटीत बाळही अजून आलेलं नाही, आणि ते बाळ नाही असं ताई म्हणते, मग ते कोण, हे ती सांगत नाही. माझ्यात लाल्या झोपतो आणि मी स्नेहाला सांभाळतो, हे कोडं मला अजून सुटत नाही. पण तुमच्या गावात माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला दारातून बघून जाऊ नका, एवढं मागतो. जवळ जा. गादी नाकाला लावा, कडी हलवून बघा. त्याच्याजवळ झोका द्यायला एक माणूस आहे का, आणि त्या माणसाला त्याचे पैसे मिळतात का, ते विचारा. आणि तुमच्या घरातलं लहानातलं लहान लेकरू ह्यात निर्धास्त झोपेल का, हे स्वतःला विचारून बघा. उत्तर नाही असं आलं, तर गप्प बसू नका. ज्यांचं लेकरू आज त्यात झोपलंय, त्यांनाही तेच उत्तर येत असतं. त्यांना विचारायला कोणी येत नाही, एवढंच.